डांबर संपते तिथून पुढे

(गोंदिया येथे पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आयोजकांनी विषय कळवला तेव्हा आमच्या घरी प्रथम हशा पिकला. 'मुलांना माउंटन बायकिंगची ओळख.' आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गोंदियात माउंटन आहे कुठे? आणि तुमची सायकल तरी कुठे आहे?" दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे द्यावेच लागणार आहे आणि ते माझ्या फारसे हिताचे नाही. म्हणून आधी पहिल्याकडे वळतो.

आपला जिल्हा धानाचा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी भूगोल तोच राहिला. सपाट बांध्या, त्यांच्यामधून गेलेले धुरे, गावोगावी एखादी बोडी किंवा मालगुजारी तलाव आणि त्यापलीकडे साग, मोह, तेंदू यांचे रान. डोंगर अगदीच नाहीत असे नाही. सालेकसा-दरेकसाच्या बाजूला आहेत, नवेगावबांधच्या तलावाला वेढून बसलेले आहेत, नागझिऱ्याकडे गायखुरीची रांग आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आपला प्रतापगड आहे. साताऱ्याकडचा मनुष्य त्यांना टेकड्या म्हणेल, म्हणू द्यावे. कारण या खेळाच्या नावात पर्वत असला तरी त्याचा प्राण पर्वतात नाही. तो कच्च्या जमिनीत आहे. डांबर संपते तिथून हा खेळ सुरू होतो.

याचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या पालकवर्गाचा एक गैरसमज त्याने दूर होईल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा परगणा आहे. तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी भंगारातल्या, जाड टायरच्या, वीस-वीस किलोंच्या जुन्या सायकली गोळा केल्या आणि त्या डोंगरावरून खाली आणायला सुरुवात केली. त्याच परगण्यात वणवा विझवणाऱ्या बंबासाठी काढलेली एक कच्ची वाट होती. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्या उतारावर पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यातच ब्रेक असे, पायडल उलटे दाबले की लागणारा. एवढ्या उतारावर तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली आल्यावर तुंबा उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचेच नाव 'रीपॅक' पडले. पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा घडवला. गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांनी तो उद्योगच उभा केला. १९९० मध्ये अधिकृत विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्ट झाला. भंगाराच्या दुकानापासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षे.

गैरसमज कोणता, ते आपल्या लक्षात आले असेल. हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्याला लाखाची सायकल लागते, असे आपण धरून चाललो आहोत. बाजारात लाखाची सायकल आहे, हे खरेच. पण खेळाचा आरंभ टाकाऊ सायकलींवर झाला.

आता आपल्याकडे येऊ. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका बातमीच्या निमित्ताने मी सालेकसा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पांदणीने चालत निघालो. चिखल असा, की माझी चप्पल दोनदा मागे राहिली. समोरून शाळेच्या गणवेशातली, तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी सायकलवर येत होती. बैलगाडीच्या चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर तिने चाक असे धरले होते, की डावीकडे-उजवीकडे वीतभर गेले तरी ती पडली असती. ती पडली नाही. पुढे नाला होता. ती उतरली, चप्पल हँडलला अडकवली, सायकल खांद्यावर टाकली, पाण्यातून पलीकडे गेली, गवताला पाय पुसले आणि पुन्हा बसली. मी विचारले, "बेटा, भीती नाही वाटत?" तिने माझ्याकडे किंचित आश्चर्याने पाहिले. "कायची जी?" एवढेच म्हणाली आणि निघून गेली.

ती सायकल बहुधा सरकारी योजनेतली असावी. मानव विकास कार्यक्रमात आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या गरजू मुलींना आठवी ते बारावीपर्यंत शाळेसाठी सायकल घ्यायला अनुदान मिळते. दूरच्या गावांतल्या मुलींसाठी एस.टी.च्या त्या निळ्या गाड्या आहेत, त्या आपण पाहिल्याच असतील. या सायकलींनी किती मुलींचे शिक्षण टिकवले, याचा हिशेब शिक्षक मंडळी माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मी एवढेच म्हणतो, की परदेशात ज्याच्यासाठी प्रशिक्षक नेमतात, शिबिरे भरवतात, ते तोल सांभाळण्याचे कसब ही मुलगी रोज सकाळी दप्तरासकट करून दाखवते आणि तिला त्याचे काही वाटत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. तिच्या चिखलाचे मी कौतुक करायला उभा नाही. तिला चांगला रस्ता मिळायला हवा, नाल्यावर रपटा व्हायला हवा आणि तो व्हावा म्हणून मी बातमी लिहिली, अजूनही लिहीन. खेळ म्हणजे आपण हौसेने पत्करलेली अडचण. तिची अडचण तिने पत्करलेली नाही. पण तिला जे येते ते आपल्या मुलांना येत नाही, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

आपली मुले म्हणजे गोंदिया शहरातली, तिरोडा-आमगावच्या नव्या वसाहतींतली, माझ्या-तुमच्या घरातली. वाहनतळावर एकदा फेरी मारून पाहा. एकवीस गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या, पुढे शॉकअप असलेल्या सायकली रांगेने उभ्या असतात. वाढदिवसाला घेतलेल्या. अर्ध्यांचे टायर जमिनीला टेकलेले. मूल सहा महिने फाटकाच्या आत गोल फिरते, मग कंटाळते, मग मोबाईल हातात घेते आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना मैदानी खेळांची आवडच नाही. आवड नाही की वाट नाही?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

मी सायकल शिकलो ते १९७९-८०च्या सुमारास. वडिलांची चोवीस इंची काळी सायकल होती. सीटवर बसणे अशक्य; नळीच्या खालून पाय घालून, अंग एका बाजूला झुकवून अर्धे पायडल मारायचे. शिकण्याची जागा म्हणजे तलावाची पाळ. पाळीवरून घसरलो की थेट बांधीत. गुडघा फुटला की आई हळद दाबायची आणि वडील वर्तमानपत्रातून डोकेही वर काढत नसत. मी त्या वेळी त्यांना कठोर समजत असे. सीटवरून पाय पुरायला लागले तेव्हा आठवीत होतो आणि त्याच वर्षी महाशिवरात्रीला आम्ही चौघे मित्र प्रतापगडच्या यात्रेला सायकलींनी गेलो. पायथ्याशी सायकली ठेवल्या, दर्शन घेतले, परत निघालो तर एका सायकलची चेन तुटलेली. पाच कोस दोरी बांधून ओढत आणली. त्या दिवसाइतका मी पुढे कधी स्वतःवर खूश झालो असेन असे वाटत नाही.

आणि मग मी स्वतः बाप झालो.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिला घेऊन मी याच तालुक्यातल्या एका पांदणीने निघालो होतो. छोटासा उतार होता. ती पुढे, मी मागे. तिने वेग घेतला, मी घाबरून ओरडलो, "ब्रेक लाव!" तिने दचकून पुढचा ब्रेक करकचून आवळला आणि ती हँडलवरून पलीकडे पडली. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. मी त्या संध्याकाळी तिची सायकल मागच्या पडवीत नेऊन, भिंतीला टेकवून, वरून पोते टाकून ठेवली. कोणी विचारले तर म्हणायचो, बरी झाली की काढू. ती बरी झाली. सायकल निघाली नाही. दहावीला स्कूटी घेऊन दिली.

गेल्या वर्षी ती पुण्याहून सुट्टीला आली होती. पडवी आवरताना पोते निघाले. ती सायकलकडे बघत राहिली आणि सहज म्हणाली, "बाबा, मी तेव्हा उतारामुळे नव्हते पडले. तुम्ही ओरडलात म्हणून पडले." तिने ते रागाने म्हटले असते तर मी उत्तर दिले असते. पंधरा वर्षे तिला हे ठाऊक होते आणि मला नव्हते. म्हणजे, असे म्हणू, की मी माहीत करून घेतले नव्हते.

म्हणून आज मी मुलांविषयी कमी आणि आपल्याविषयी अधिक बोलणार आहे. मुलांना हा खेळ शिकवणे अवघड नाही. अवघड आहे ते मागे उभ्या असलेल्या बापाचे तोंड बंद ठेवणे. आयांना मी वगळत नाही. पण माझा अनुभव असा, की आया घाबरतात आणि तसे सांगतात, बाप घाबरतात आणि हुकूम सोडतात.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगतो. मी प्रशिक्षक नाही; मुलीच्या त्या वाक्यानंतर वर्षभर जे वाचले, जाणकारांना विचारले आणि शेजारच्या मुलांबरोबर करून पाहिले, त्यातले हे आहे.

अगदी लहान मूल असेल, तीन-चार-पाच वर्षांचे, तर बाजूला लावायची ती दोन छोटी चाके लावू नका. त्यांनी मूल पायडल मारायला शिकते, तोल सांभाळायला शिकत नाही. आणि सायकल म्हणजे तोल. त्याऐवजी दुकानातून पाना आणून दोन्ही पायडल काढून टाका. डावीकडच्या पायडलचा आटा उलटा असतो, तेवढे लक्षात ठेवा, नाहीतर पाना घसरून बोटे सोलतील. सीट इतकी खाली घ्या, की दोन्ही तळवे सपाट टेकतील. मूल पायांनी ढकलत चालेल, मग धावेल, मग एक दिवस दोन्ही पाय उचलून तरंगत जाईल. ही काही नवी युक्ती नाही. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने जी पहिली दुचाकी बनवली, तिला पायडल नव्हतेच. माणसे पायांनी ढकलतच चालवत. मनुष्यजात ज्या क्रमाने शिकली, त्याच क्रमाने मूल शिकते. तोल आला की पायडल लावा. बहुतेक मुले एका दुपारी चालवू लागतात.

मोठ्या मुलांसाठी सायकल घेताना आपण एक चूक हमखास करतो. 'वाढत्या अंगाची' घेतो. सदरा वाढत्या अंगाचा चालतो, सायकल चालत नाही. मुलाने सायकलच्या वरच्या नळीवर उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकून दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे. ब्रेकच्या दांडीपर्यंत त्याचे बोट पोचले पाहिजे. बहुतेक सायकलींवर ती दांडी जवळ घेण्यासाठी एक बारीक स्क्रू असतो, दुकानदाराकडून तो आवळून घ्या. आणि वजन पाहा. पंचवीस किलोच्या मुलाला पंधरा किलोची सायकल देणे म्हणजे तुम्हाला-मला चाळीस किलोची देणे. स्वस्त सायकलीवरचा शॉकअप हा मुख्यतः लोखंडाचा अधिकचा भार असतो. त्यापेक्षा दोन इंच रुंदीचा, खडबडीत नक्षीचा टायर घ्या आणि त्यात हवा जरा कमी ठेवा. हवेची ती उशी धक्का झेलते आणि मुरमावर पकड देते. आपल्या दुकानदारांना टायर दगडासारखा टणक भरायची सवय आहे. त्यांना सांगावे लागेल. आठ वर्षांखालच्या मुलाला गिअरची गरज नाही. जुनी सायकल मिळाली तर उत्तमच. त्या वाहनतळात पुष्कळ पडल्या आहेत.

हेल्मेट मात्र नवे घ्या आणि ते डोक्याला बसणारे घ्या. याबाबत काटकसर नको, चर्चाही नको.

जागा कोणती? आपल्या जिल्ह्याला निसर्गाने आणि पूर्वजांनी जी शाळा बांधून दिली आहे, ती म्हणजे तलावाची पाळ. आपल्याकडचे हे तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी धानासाठी बांधले. पाळीचा माथा रुंद, सपाट, मातीचा. बाजूने उतरणाऱ्या गुरांच्या वाटा, दीड-दोन पुरुष उंचीच्या. सुरुवातीच्या मुलाला यापेक्षा मोठा डोंगर लागत नाही. मात्र उतरायचे ते कोरड्या बाजूने, पाण्याच्या बाजूने नाही, हे पहिल्या दिवशी ठणकावून सांगा. आणि पाळ ही गावाची आहे. पाझर असेल, माती भुसभुशीत असेल तर तिच्यावर चाके फिरवून ती आणखी खचवू नये. गावातल्या कोणाला तरी विचारून जावे.

पहिले चार-सहा रविवार पाळीच्या माथ्यावरच. मग उतार. उताराला तीन गोष्टी शिकवायच्या. सीटवरून उठायचे, दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभे राहायचे आणि कोपर-गुडघे सैल ठेवायचे. म्हणजे धक्का हातापायांत जिरतो, पाठीत जात नाही. दुसरे, नजर चाकासमोर नको, चार-पाच हात पुढे. ज्या दगडाकडे बघाल त्या दगडावरच सायकल जाते, हा विलक्षण नियम आहे. स्वतः करून पाहा. तिसरे ब्रेकचे. दोन्ही ब्रेक एकत्र, एकेका बोटाने, हळूहळू दाबायचे आणि ढुंगण मागे न्यायचे. पुढचा ब्रेक एकदम आवळला की काय होते, ते मी तुम्हाला सांगितलेच आहे. हे शिकवण्याची वेळ उताराच्या आधीची असते. उतारावर मूल असताना काहीही शिकवायचे नाही.

आणि उतरून, सायकल हाती धरून चालत जाण्याची मोकळीक प्रत्येक मुलाला सदैव असली पाहिजे. जो उतरेल त्याला कोणी हसायचे नाही. हा नियम मोडणाऱ्या मुलाला मी एकदा परत पाठवले होते. त्याचे वडील अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मुले पडणार. हे गृहीत धरून निघा. पडणे आणि अपघात यांत फरक आहे. मातीत, कमी वेगात, गुडघा खरचटणे हे पडणे. वाहत्या रस्त्यावर ट्रॅक्टर-टिप्परच्या समोर जाणे हा अपघात. मी माझ्या मुलीला पहिल्यापासून वाचवायला गेलो आणि दुसऱ्यासाठी तिला स्कूटी दिली. आपण सर्वजण हेच करतो. पांदणीत सायकल चालवू देत नाही, आणि सोळाव्या वर्षी महामार्गावर पन्नासच्या वेगाने सोडून देतो. मूल पडले की दहापर्यंत आकडे मोजा. बहुधा सातपर्यंत ते स्वतःच उठते आणि आधी सायकलीकडे बघते. डोक्याला मार, उलटी, हात हलवता न येणे, असे काही असेल तर अर्थातच दवाखाना, आणि लगेच.

आता जंगलाविषयी. येथे मात्र मी धीट व्हा असे सांगणार नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्रात हौशीने सायकल घेऊन शिरायचे नाही. तो कायदा आहे आणि ते शहाणपणही आहे. पण प्रकल्पाबाहेरच्या रानातही वाघ आहे, बिबट आहे आणि त्याहून भरवशाचे नसलेले अस्वल आहे. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, अस्वल पहाटे मोहाखाली असते आणि आपली माणसे फुले वेचायलाही त्याच वेळी जातात. दुर्घटना घडतात त्या तिथेच. सायकल आवाज करत नाही आणि वेगाने येते, त्यामुळे जनावर दचकते. तेव्हा रानाच्या कडेने मुलांना न्यायचे तर ऊन चांगले वर आल्यावर, गटाने, बोलत-गात आणि सूर्य कलण्याच्या आत परत. वनरक्षकाला किंवा गावच्या वनसमितीच्या कोणाला सांगून. त्यांना वाटा ठाऊक असतात आणि त्या आठवड्यात काय कुठे दिसले तेही ठाऊक असते. उन्हाळ्यात नकोच, आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत हौस टिकत नाही. आपला हंगाम कापणीनंतरचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

दुरुस्तीचे राहिले. पंक्चर काढता येत नाही त्याला सायकल येते असे मी मानत नाही. बाभळीचा आणि बोरीचा काटा हा आपल्या वाटांवरचा हमखास सोबती. दोन टायर-पट्ट्या, सोल्यूशन, रबराचा तुकडा, घासायला पॉलिश-कागद आणि हातपंप एवढे सामान एका पिशवीत मावते. दहा वर्षांचे मूल हे शिकू शकते. माझ्या शेजारची नऊ वर्षांची एक चिमुरडी शिकली आहे आणि आता ती इतरांकडून एका पंक्चरचे एक चॉकलेट घेते. मुलांना एखाद्या शनिवारी सायकलच्या दुकानात बसवा. चाकाचा आउट कसा काढतात, छर्रे कसे भरतात, ते पाहू द्या. ही दुकाने झपाट्याने कमी होत आहेत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हा दैवाचा विनोद म्हणायचा. तुमच्या मुलाच्या हाताला वंगण लागले तर साबण आहे.

कोणी विचारेल, यातून पुढे काय? काहीच झाले नाही तरी चालेल, असे माझे उत्तर आहे. पण ज्यांना उदाहरणे हवी असतात त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजारांवर किलोमीटरचे अंतर कापले. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी त्याआधी, २०१५ मध्ये, अमेरिकेची तीच शर्यत जोडीने पूर्ण केली होती. हे झाले पक्क्या रस्त्यावरचे. माउंटन बायकिंगमध्ये संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवली आहेत. संगमनेर हे काही महानगर नव्हे. आणि फार मागे जायचे तर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जग पाहायला निघाले होते. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. त्यांच्या वाटेवर वाळवंटे होती, जंगले होती आणि डांबर फारच थोडे होते. माउंटन बायकिंग हा शब्द त्या वेळी कोणाला माहीत नव्हता.

माता-भगिनींपैकी काहींनी मला कार्यक्रमापूर्वी विचारले, की मुलींचे काय? मुलींना आडवाटेने पाठवायचे का? एकटे कोणालाच पाठवायचे नाही, मुलालाही नाही. एक मोठा माणूस पुढे, एक सर्वांत मागे आणि गटाचा वेग हा सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग. या व्यवस्थेत मुलींना मागे ठेवण्याचे कारण मला सापडलेले नाही. सालेकसा तालुक्यातली ती मुलगी रोज जाते.

माझी मुलगी दिवाळीला येऊन गेली. तिला मी पडवीतली सायकल दाखवली; अर्थात ती आता तिच्या गुडघ्यांना लागते. ती म्हणाली, शेजारच्या चिमुरडीला द्या. दिली. चॉकलेटवाली तीच. आणि माझ्यासाठी जुनी, जाड टायरची एक शोधून काढली आहे. सौभाग्यवतींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता अंगणात उभे आहे आणि त्यावरून मी गेल्या पंधरवड्यात दोनदा पडलो आहे. दोन्ही वेळा दहाच्या आत उठलो.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता याच मैदानाच्या फाटकाशी जमायचे आहे. येथून तलावापर्यंत रस्त्याने एका रांगेत, पुढे पाळीवर. हलक्या धानाची कापणी आटोपली आहे, पण भारी धान अजून उभा आहे. त्या बांध्यांत चाक घालायचे नाही. प्रत्येक मुलाबरोबर पाण्याची बाटली, हेल्मेट आणि मूठभर गूळ-शेंगदाणे. ज्यांच्या सायकली पंक्चर आहेत त्यांनी तशाच आणाव्यात, तिथेच काढायला शिकू. पालकांनी यावे, पण स्वतःची सायकल घेऊन यावे; नुसते बघायला येणाऱ्यांना फाटकाशीच थांबवण्यात येईल. पंप मी आणतो.